पायाळू उमेदवार

मी जन्मले ती पायांकडून. आधी पाय बाहेर आले आणि मग बाकीची मी. सुईणीनं मला हातात घेतल्याबरोबर आईला बजावलं होतं, "पायाळू हाय गं, हिला जप." जपायचं कशापासून, तर विजेपासून. आमच्या भागात मानतात की पायाळू माणसावर वीज पडते, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं. वळवाचे ढग सुप्याच्या बाजूनं चढायला लागले की आई हातातली भाकरी तव्यावर टाकून धावत यायची. माझ्या पायांतल्या पट्ट्या, हातातल्या बांगड्या, केसांतला आकडा, सगळं ओरबाडून काढायची आणि मला घराच्या मधोमध घोंगडीत गुंडाळून बसवायची. मग कोयता, विळी, खुरपं पडवीत जायचं. आण्णा म्हणजे माझे वडील, त्यांना याचं हसू यायचं. ते विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे, त्यामुळं घरात जिकडं पाहावं तिकडं तांब्याची तार. "आख्खं घरच तांब्याचं हाय," ते म्हणायचे, "त्यापरीस पोरीलाच बाहेर काढ." आई त्यांच्याकडं अशी बघायची की ते कॉईल गुंडाळायला लागायचे. मी घोंगडीच्या आत डोळे मिटून ढगांचे आवाज मोजत असे. माझं भित्रेपण तिथलं आहे. आज साठी ओलांडली, घरावर वीजरोधक आहे, तरी आभाळ गडगडलं की माझा हात आपोआप मनगटाकडं जातो.

त्या घराचा वास मला अजून येतो. व्हार्निशचा वास, त्यात चुलीवरच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांचा, लसणाच्या फोडणीचा. कॉईल भट्टीत वाळत घातली की दोन्ही वास एकमेकांत शिरायचे आणि शेंगोळ्यांनाही थोडी मोटारीची चव लागायची, निदान मला तसं वाटायचं. दिवसभर कुणी ना कुणी मोटार घेऊन दारात यायचं. बैलगाडीत, पुढे पुढे टेम्पोत घालून आणायचे. पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते, म्हणजे गावाचं पाणी जितकं खाली, तितकं आण्णांचं काम वर. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आण्णांना कळत असावं. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत.

माझी मैत्रीण शालन. ती खालच्या आळीतली. खालच्या आळीला स्वतःचा एक आड होता, अरुंद, दगडी, कधी न आटणारा. शालनला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिनं गावात फक्त मला सांगितली होती. आळीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, भाऊसाहेबांच्या रानाच्या कोपऱ्यात एक उंबर होता. त्याच्या मुळाशी खडकाला भेग होती. पोटावर पडून त्या भेगेला कान लावला की आत पाणी वाजायचं. फार बारीक वाजायचं. शालनची आजी तिला म्हणाली होती की आडाचा झरा तिथून जातो. आम्ही दोघी शाळा सुटल्यावर तिथं कान लावून पडायचो. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि शपथ तिनं माझ्याच गळ्याला हात लावून घेतली होती.

मी सातवीत असताना भाऊसाहेब एका सकाळी आमच्या दारात आले. ते गावातले मोठे बागायतदार, डाळिंबाची बाग नव्यानं लावलेली, आणि आण्णांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या दोन बोअर फुफाट्यावर गेल्या होत्या, म्हणजे नुसती धूळ निघाली होती. "आन्ना, तुमची पोरगी पायाळू हाय म्हनं," ते म्हणाले. आण्णांना नाही म्हणवलं नाही. माझ्या डाव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवला. पाणी असेल तिथं तो उभा राहतो. मला पुढं चालायला सांगितलं. मागं भाऊसाहेब, त्यांच्या मागं आण्णा. सगळं रान पालथं घातलं, नारळ आडवाच. आण्णांच्या चपलांचा आवाज हळूहळू मंद व्हायला लागला. मला एवढंच वाटत होतं की नारळ उभा राहिला नाही तर आण्णांची मान खाली जाईल, आणि ती माझ्यामुळं. त्या भीतीपोटी मी उंबराकडं वळले. तिथं नारळ उभा राहिला. लोक आजही विचारतात, खरंच राहिला का? राहिला. माझा हात कापत होता आणि तो उभा राहावा असं मला वाटत होतं, यापलीकडं मला काही सांगता येत नाही.

बोअरला धो धो पाणी लागलं. आण्णांनी भाऊसाहेबांना हात जोडून विनंती केली की पोरीचं नाव कुठं घेऊ नका, उद्या सगळा तालुका दारात नारळ घेऊन उभा राहील आणि पोरीचं लग्न जमायचं नाही. भाऊसाहेबांनी शब्द दिला आणि पाळलाही. जागा बोअरच्या मशीनवाल्यानंच दाखवली असं गावात सांगितलं गेलं. मला फ्रॉकचं कापड मिळालं, निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या आळीचा आड आटला. बायका ओढ्यापलीकडं खडकाळीच्या विहिरीवरून पाणी आणायला लागल्या, जायला यायला तासाची वाट आणि चढ. शालनच्या आईच्या पाठीत कळ यायची, म्हणून घागरी शालनकडं आल्या आणि आठवीच्या वर्गात तिची जागा मोकळी राहिली. ती मला वाटेत भेटायची, डोक्यावर दोन घागरी, मान ताठ. हसायची. आड का आटला असेल, हे तिनं मला कधी विचारलं नाही, आणि मी तो निळा फ्रॉक तिच्यासमोर कधी घातला नाही.

पुढची वर्षं मी गाळते. कॉलेज झालं, मग पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. माझं काम विहिरी मोजण्याचं. दर अमावास्येला टेप सोडून पंचक्रोशीतल्या विहिरींची पातळी वहीत लिहायची. तिथं एका साहेबांनी कागदावर खडकाचे थर काढून दाखवले, वरचं पाणी कुठून झिरपतं, खोल बोअर ते कसं ओढून घेते. त्यांनी सहज पेन्सिलीनं एक आड काढला आणि त्याच्या वरच्या अंगाला एक बोअर काढली. ते पुढं बोलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी तेरा-चौदा वर्षं जे मनाशी चुकवत आले होते ते पेन्सिलीच्या दोन रेघांत समोर होतं. ऊन लागलं असं सांगून मी बाहेर निघून गेले.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात बाईची जागा निघाली तेव्हा आमचे जुने मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, घरी आले. म्हणाले, "सुमन, किती दिवस नुसती पानी मोजनार? उभी ऱ्हा." मी उभी राहिले. माळावर चराईबंदी, ओढ्यात बांध, प्लास्टिक जाळणं बंद, आणि सगळ्यात आधी नव्या बोअरना बंदी, असं माझं म्हणणं होतं. चिन्ह मी बादली मागितली होती. मिळाली छत्री. आमच्या गावात छत्री म्हणजे वर्षातून चार वेळा उघडायची वस्तू, त्यामुळं पोरं माझ्या मागं "पाऊस कुठं गेला" म्हणून ओरडायची. मी हसत होते. घरोघर फिरताना मात्र कुणी तोंड उघडलं की वाटायचं, आता आडाचं विचारणार.

समोर उमेदवार होती भाऊसाहेबांची भावजय, पण लढत भाऊसाहेबांशीच होती. अर्ज मागं घ्यायची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात आले, जळालेली मोटार घेऊन. ओट्यावर बसले. आईनं चहा दिला तो बशीत ओतून सावकाश प्यायले.

"सुमनताई," ते म्हणाले. लहानपणी मला ते पोरी म्हणत. "झाडं लावा म्हना, आमीबी लावू. पलास्टिक म्हना. धूर म्हना. बोअरचं तेवढं सोडा."

"का बरं, भाऊसाहेब?"

"न्हाई, आपलं सांगितलं. जुना उंबर हाय. त्याच्या मुळाशी हात घातला तर काय काय निघंल, सांगता येत न्हाई." मग ते आण्णांकडं वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "आन्ना, मोटार सावकाश करा, घाई न्हाई."

ते गेल्यावर आण्णांच्या हातातली कॉईल सुटली. तीनशे वेढे घातलेली तार जमिनीवर पसरली. त्यांनी ती गोळा केली नाही. "सोड की बोअरचं, सुमे," ते म्हणाले. "माझी लाज राखाया नारळ धरलास तू. आता तुझी मी कशी राखू?" त्या दिवसापर्यंत आम्ही दोघांनी त्या सकाळचं नाव काढलं नव्हतं. आई चुलीपाशी शेंगोळ्या वळत होती. तिच्या हातातली शेंगोळी वळून वळून तुटली आणि तिनं ती परत पिठात मळली.

गुरुजींच्या डोक्यातून आणखी एक गोष्ट निघाली. भाषणं सगळेच करतात, म्हणाले, लोकांनी विचारायचं आणि उमेदवारानं उत्तर द्यायचं. उघड विचारायला लोक बिचकतात, म्हणून त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि तो पिठाच्या गिरणीत ठेवला. चार दिवस ज्याला जे विचारायचं त्यानं नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरांकडून लिहून घ्यायचं. मलाच ही कल्पना आधी फार आवडली होती. मग दळण घेऊन गिरणीत गेले आणि तो डबा पाहिला. गिरणीचा पट्टा फटफटत होता, हवेत पीठ, आणि कोपऱ्यात फळीवर तो पिवळा डबा. माझ्यादेखत एका बाईनं चिठ्ठी टाकली आणि माझ्याकडं न बघता पाटी उचलून गेली. चार दिवस मी रोज काहीतरी निमित्त काढून गिरणीत गेले. दळण संपल्यावर आईनं विचारलं, "आता काय, वाळूच दळून आनतीस का?" मला तो डबा उचलून आडात टाकावासा वाटत होता, आणि आडात पाणी नव्हतं.

प्रश्नांचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात होता, दिवस कलताना. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या. मी खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर भाऊसाहेबांची भावजय पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती आणि तिच्या मागं भाऊसाहेब उभे. तिला प्रश्न आला की ती मागं बघायची आणि भाऊसाहेब उत्तर द्यायचे. मला मागं बघायला कुणी नव्हतं. आण्णा पार शेवटी, फाटकाजवळ, निघायच्या तयारीत असल्यासारखे उभे होते.

गुरुजी डब्यात हात घालायचे, घडी उलगडायचे, चष्मा सावरायचे. त्या चष्मा सावरण्यात माझा जीव जायचा. पहिली चिठ्ठी, "छत्रीवाल्या ताई निवडून आल्यावर पाऊस पाडणार काय?" हशा पिकला. मी म्हटलं, पाऊस पाडता आला असता तर मी ग्रामपंचायतीला कशाला उभी राहिले असते, थेट इंद्राच्या जागेवर गेले असते. दुसरी, "उमेदवाराचं लग्न का झालं नाही?" मी तोंड उघडायच्या आत बायकांतून आईचा आवाज आला, "तुझ्या घरात हाय का पोरगा? घिऊन ये, आत्ता करते." त्यावर जे हसू उठलं त्यानं मला श्वास घेता आला. मग मोकाट कुत्री, मग स्मशानाचं शेड. मग एक तिरकी आली, "बोअर बंद केल्यावर डाळिंबं जाळायची का, आणि तुझ्या बापानं मोटारी सोडून काय भरायचं?" मी सांगितलं की आहेत त्या बोअर कुणी बंद करणार नाही, नव्या पाडायच्या नाहीत एवढंच, आणि ज्या आहेत त्यांनी पाण्याची पाळी धरायची. आण्णांचं काय, तर ते मला या घटकेलाही ठाऊक नाही, असं मी म्हटलं. पुरुषांतून कुणीतरी "खरं बोलली" म्हणालं. मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. ते मिशीवरून बोट फिरवत होते आणि डब्याकडं बघत होते.

चिठ्ठ्या संपत आल्या. गुरुजींचा हात डब्याच्या तळाशी खरवडायला लागला. माझा प्रश्न आला नव्हता. मला वाटलं, सुटले. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की भाऊसाहेबांनी ती चिठ्ठी टाकलीच नाही. ते ती टाकणार नव्हते, खिशात ठेवणार होते, मी निवडून आले तर पाच वर्षं. गुरुजींनी शेवटची घडी उलगडली. वहीचा कागद, पोराच्या हातचं मोठं अक्षर, मला खुर्चीवरून दिसत होतं.

"खालच्या आळीचा आड का आटला? त्याला परत पाणी येईल का?"

एवढंच. कुणाचं नाव नाही, टोमणा नाही. मला याचं उत्तर देता येत होतं. पावसाचं, उपशाचं, झाडं तुटल्याचं, सगळं तोंडपाठ होतं, अमावास्येच्या वह्या होत्या. मी बायकांकडं पाहिलं. भिंतीला टेकून शालन उभी होती. ती गावातच, त्याच आळीत दिलेली. तिच्या कडेला तिची आठ-नऊ वर्षांची लेक, मंगल, आणि मंगलच्या बोटांना निळी शाई लागली होती.

"आड मी आटवला," मी म्हटलं.

गुरुजींना वाटलं मी चुकून बोलले. त्यांनी चिठ्ठी परत वाचायला घेतली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आवाज माझा नव्हताच, कुठूनतरी बारीक येत होता. उंबर सांगितला, भेग सांगितली, नारळ सांगितला. "मला पायाळू म्हनून पानी दिसलं न्हाई," मी म्हणाले. माझ्या तोंडात संस्थेची भाषा राहिली नव्हती. "ती जागा शालनची हुती. तिनं मला शपथ घालून दावली हुती, आन मी भ्याले म्हनून ती दुसऱ्याला दिली. आडाला परत पानी यील का, ते मला म्हाईत न्हाई. वरची बोअर चालू हाय तवर न्हाई येनार." मग कुजबुज सुरू झाली, पुरुषांच्या बाजूनं आधी. आण्णा फाटकातून निघून गेले होते. शालननं मंगलचा हात धरला आणि माझ्याकडं न बघता तीही गेली. भाऊसाहेब तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांच्या खिशातलं मी काढून घेतलं होतं आणि त्यांना राग यायला हवा होता. पण ते गर्दीकडं बघत होते आणि त्यांना कसलंतरी हसू येत होतं.

त्या हसण्याचा अर्थ मला सकाळी कळला. उजाडतंय तोच दाराशी माणसांची चाहूल लागली. चपला वाजत होत्या, कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, आले. आई म्हणाली, "मी उघडते, तू मागं हो," आणि तिनं कमरेला पदर खोचला. पण मीच पुढं झाले. कडी काढली. दारात पाच-सहा जण उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात शेंडीचा नारळ होता.

"सुमनताई," त्यातला एक म्हणाला, "भाऊसाबाच्या बोअरला अजूनबी लई पानी हाय. ती तुमी दावली हे आमाला म्हाईतच नव्हतं. आमच्याबी रानातनं एक चक्कर मारा."

"अवो, मी काल काय सांगितलं?" मी म्हटलं. "त्या बोअरपायी आड आटला."

"व्हय, तेच म्हनतोय," तो म्हणाला. "केवढी ताकदीची जागा दावलीत!"

मी माझ्या आयुष्यात विजेला भ्याले, भाऊसाहेबांना भ्याले, डब्याला भ्याले. त्या सकाळी त्या भल्या माणसांच्या हातातले नारळ बघून जी भीती वाटली ती आजवर उतरलेली नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, एकानं तर आईच्या पाया पडून घेतलं. नव्या बोअर बंद करायला निघालेली मी, आणि माझ्या कबुलीनंच पाच-सहा नव्या बोअर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी नाही म्हणत राहिले, ते समजावत राहिले, एकानं मताचं बोलून दाखवलं. शेवटी आईनं कोयता आणला आणि ओट्यावर बसून म्हणाली, "आना हिकडं. फोडून खोबरं करते, वड्या खाऊन जा." तेव्हा ते आपापले नारळ सांभाळत पांगले.

ते गेल्यावर शालन आली. तिच्याही ओच्यात नारळ होता. ती उंबऱ्यावर बसली आणि नारळ मांडीवर ठेवला.

"मालकानं धाडलंय," ती म्हणाली. "माझ्या मनात नव्हतं. पन रातभर इचार केला. सासूचं गुडघं गेलं, मी खुरपायला जाते, घागरी आता मंगलवर आल्यात. औंदा शाळा सुटल तिची." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "भाऊसाबाला जागा दिलीस. मला देशील का, सुमे?"

मतदारांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. ज्याचं उत्तर देणं सगळ्यात जड गेलं असा हा एकच. मी नाही म्हटलं. तिनं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तुज्याबी खाली कुनाचातरी आड असलच." ती कडू हसली. "माज्या आडाच्या टायमाला तुला हे सुचलं न्हाई."

"न्हाई सुचलं," मी म्हटलं. "मंगलला शाळेत धाड. तिच्या घागरी उद्यापासनं मी आनते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "निकाल लागंस्तवर," ती म्हणाली आणि नारळ ओच्यात घालून उठली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेले. तिनं आतून घागर आणून माझ्या पुढ्यात आदळली. खडकाळीची वाट मी टेप घेऊन शंभर वेळा चालले होते, डोक्यावर पाणी घेऊन कधी नाही. पहिल्या खेपेला निम्मी घागर माझ्या पाठीवर सांडली. गावानं मनसोक्त बघून घेतलं. "छत्री सोडून घागर चिन्ह घेतलं का?" असं विचारलं. भाऊसाहेबांच्या टेम्पोवरचा कर्णा माझ्या मागनं हळू यायचा आणि ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवायचा. मला ते सगळं बरोबरच वाटत होतं. निवडणुकीत कोण कशाला डोक्यावर घागर घेतं, मीही दुसऱ्या कुणाला पाहिलं असतं तर हेच म्हटलं असतं. शालन रोज तशीच घागर आदळायची आणि आत जायची. मी रोज तिथं थांबून वाट बघायचे, की एखादा शब्द येईल. मतदानापर्यंत आला नाही.

अकरा मतांनी मी पडले. खालच्या आळीनं कुणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही, आणि मी कधी शोधलं नाही. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आण्णांनी दार लावलं नाही. ते ओट्यावर बसून भाऊसाहेबांचीच मोटार भरत होते. ती परत देताना मात्र त्यांनी निरोप धाडला की पुढची मोटार सुप्याला न्या. आडाला पाणी आलं का, असं ही गोष्ट ऐकून शाळेतली मुलं आता मला विचारतात. आलं, पुष्कळ वर्षांनी, भाऊसाहेबांच्या पुढच्या पिढीनं ती बोअर सोडल्यावर. कमरेइतकं येतं आणि दिवाळीपर्यंत टिकतं.

निकालाच्या दुसऱ्या सकाळी मी अंथरुणात पडून होते आणि उठवत नव्हतं. आई म्हणाली, "आज कुठं जातीस? झालं की आता." रस्त्यात गुलाल पडलेला, माणूस दिसत नव्हतं. खालच्या आळीकडं चालताना मी मनाशी घोकत होते. दार बंद असेल. किंवा शालन दारात उभी असेल आणि म्हणेल, झाली निवडणूक, जा आता. ती तसं म्हणाली असती तर मला बोलायला तोंड नव्हतं. वळणावर मी थांबले. मग पुढं गेले.

दार बंदच होतं. शालन खुरपायला गेली होती आणि मंगल शाळेत. बाहेर पायरीवर रिकामी घागर ठेवली होती, घासलेली, आणि तिच्या तोंडावर जुन्या लुगड्याची नवी वळलेली चुंबळ. मी ती चुंबळ डोक्यावर ठेवली आणि खडकाळीच्या वाटेला लागले.